राखणदाराची दोन पानं

लहान मुलांसाठी सिनेमे काढणाऱ्यांना लहान मुलं आवडत नाहीत, असं माझं जुनं मत आहे. आवडत असती तर त्यांना इतकं मूर्ख समजले नसते. गेल्या बुधवारी सकाळी साडेदहाच्या खेळाला या मताची पुन्हा एकदा खात्री पटली, आणि तीही फुकटात, कारण मला बोलावणं होतं.

बोलावणं पुरवणीबाईंकडून आलं. वर्तमानपत्राची रविवारची पुरवणी ही मुलगी एकटी ओढते. वय तीस असेल, आणि बोलायला लागली की समोरच्याने श्वास कधी घ्यायचा हा प्रश्न पडतो. "बाई, 'हरवले-सापडले'वर सिनेमा आलाय. सहाही कादंबऱ्यांचं भाषांतर तुमचं, मग परीक्षण दुसरं कोण लिहिणार? आठशे शब्द. आणि पुढच्या महिन्यात तुमचा सत्कार आहे, तर खाली चौकटीत तेही टाकते."

सत्काराचं आधी सांगून टाकते. भाषांतरकारांच्या संघाने यंदाचं मानपत्र मला द्यायचं ठरवलं आहे. मजकूर तपासून द्या म्हणून त्यांनी तो माझ्याकडेच पाठवला. म्हणजे स्वतःच्या कौतुकातल्या चुका स्वतःच काढायच्या. त्यात एक ओळ आहे : 'मूळ लेखकाच्या एकाही शब्दाला त्यांनी कधी धक्का लावला नाही.' ती वाचून मी चष्मा पुसला, कागदाची घडी घातली आणि ड्रॉवरमध्ये टाकली. अजून तो तिथेच आहे.

ही ओळ त्यांनी उगाच लिहिलेली नाही. तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या भाषांतरांची सालटी काढत आले आहे. भाषांतरकार हा पाहुणा असतो, त्याने यजमानाच्या घरातल्या खुर्च्या हलवू नयेत, हे वाक्य माझं. आता ते कार्यशाळांमधून फळ्यावर लिहितात. एका पोरीने एका कादंबरीत पदरचा एक विनोद घातला, तर मी अर्धं पान खर्चून तिचे असे वाभाडे काढले की तिने भाषांतरच सोडलं. ती आता विम्याच्या कचेरीत पत्रं टाइप करते. विनोद चांगला होता, हे मी तेव्हा लिहिलं नाही.

तर सिनेमा. चाळीस खुर्च्यांचं छोटं थिएटर, आणि दारात एक मुलगी प्रत्येकाच्या मनगटाला नंबराची चिठ्ठी बांधत होती. मला सव्वीस नंबर मिळाला. कादंबरीतल्या मुलांना असे नंबर असतात म्हणून ही गंमत. माझ्या शेजारी 'साडेतीन' येऊन बसले. हे गृहस्थ तीन वर्तमानपत्रांत परीक्षणं लिहितात आणि कुठल्याही सिनेमाला साडेतीन तारे देतात. खुद्द त्यांच्या बायकोला विचारलं तरी ती नवऱ्याला साडेतीनच देईल. त्यांनी आल्याआल्या फुकटच्या सँडविचचा डबा उघडला आणि मला विचारलं, "कादंबऱ्या कशा आहेत हो? म्हणजे दोन ओळींत."

दोन ओळींत सांगते. स्टेशनवर लोक छत्र्या विसरतात तसे काही आईबाप मुलंही विसरतात. ती मुलं 'हरवले-सापडले कार्यालयात' जमा होतात, फळीवर नंबर लावून ठेवली जातात, आणि वर्षभरात कुणी न्यायला आलं नाही तर त्यांचा लिलाव होतो. एका मुलीला एक बाई घेऊन जाते, कारण बाईची ट्रंक बंद होत नसते आणि झाकणावर बसायला कुणीतरी हवं असतं. कार्यालयाचा व्यवस्थापक अतिशय सभ्य माणूस आहे. तो कधी आवाज चढवत नाही, फक्त प्रत्येक गोष्टीची पावती देतो, अगदी रडण्याचीसुद्धा. म्हणून तर त्याची भीती वाटते. शेवटी कुणाचेही आईबाप येत नाहीत. एक्केचाळीस नंबरची मुलगी अर्ज भरून बेचाळीस नंबरला सोडवून नेते, बेचाळीस नंबर त्रेचाळीसला, आणि असं करत करत फळ्या रिकाम्या होतात. मुलांनी ही पुस्तकं उशाशी घेऊन झोपावं असंच त्यांत आहे, कारण त्यांत कुणी मुलांशी खोटं बोलत नाही.

सिनेमात सगळे खोटं बोलतात. अंधार दाखवायचा तर निळा दिवा लावायचा, हे या लोकांना कुणी शिकवलं देव जाणे. फळ्या वाकड्या, खिडक्या वाकड्या, दारं वाकडी. अख्खी इमारत कुणीतरी धरून पिळल्यासारखी. व्यवस्थापकाच्या डोळ्यांत काजळ घातलंय आणि तो दर दहा मिनिटांनी गडगडाटी हसतो. आपण दुष्ट आहोत हे ज्याला हसून दाखवावं लागतं, त्याला कोण भिणार? तो नाचतोसुद्धा. पावत्या हवेत उडतात, मुलं त्या झेलतात, आणि ट्रंक बोलते. ट्रंकेला पापण्या आहेत. मी वहीत लिहिलं, 'पापण्या', आणि खाली दोन रेघा मारल्या. अंधारात लिहिताना ओळीवर ओळ चढते, पण हा शब्द मला घरी गेल्यावर नक्की लागणार होता.

मी खुशीत होते. वाईट सिनेमा पाहताना परीक्षकाला जो गारवा मिळतो तो चांगला सिनेमा कधी देत नाही. वाक्यं आपोआप तयार होत होती. आणि मग पडद्यावर दिवे विझले, मुलं फळ्यांवर आडवी झाली, आणि लांबून कुणीतरी खोकलं. दोनदा.

माझी पेन्सिल थांबली. फळ्यांमधून कंदील घेऊन एक म्हातारा राखणदार येत होता. गळ्यात मफलर. एक्केचाळीस नंबर कुजबुजली, "खोकूमामा आले. झोपा आता."

साडेतीन म्हणाले, "हा कोण?"

मी म्हटलं, "गप्प बसा."

हा कोण ते मला ठाऊक होतं. जगात मलाच ठाऊक होतं, असं मी एकोणतीस वर्षं समजत होते. मूळ कादंबऱ्यांत खोकूमामा नाही. सहा पुस्तकं उलटीपालटी करा, झटका, उन्हात घाला, सापडणार नाही. तो मी घातलेला आहे.

तिसऱ्या पुस्तकाच्या वेळची गोष्ट. मूळ प्रत महाग, म्हणून प्रकाशकाने मला तिची झेरॉक्स पाठवली होती, आणि झेरॉक्सवाल्याने दोन पानं चिकटलेली तशीच पुढे ढकलली होती. सत्त्याऐंशीनंतर एकदम नव्वद. सत्त्याऐंशीवर संध्याकाळ होते, मुलं फळीवर घाबरून बसतात. नव्वदवर सकाळ आणि मुलं अगदी ताजीतवानी. मधे काय झालं? प्रकाशकाला फोन केला तर म्हणे मूळ प्रत परत गेली, आठ दिवसांत पुस्तक छापखान्यात जायला हवं, तुम्ही काहीतरी करा. बाईमाणूस काहीतरी करतेच. मी दोन पानं लिहिली.

आमचे हे मुद्रितशोधक होते. दिवसभर शेजारच्या खोलीत बसून दुसऱ्यांच्या पुस्तकांच्या चुका काढायचे. मी दार लावून काम करायची, आणि कामात कुणी हाक मारली की माझं डोकं फिरायचं. म्हणून ते हाक मारत नसत. मधूनच दोनदा खोकायचे. त्यांची छाती कायमचीच अधू, एरवीही खोकायचे, पण ते खोकणं वेगळं, उबळीचं. दोनदा खोकले म्हणजे, मी इथे आहे, तू चालू दे. असं काही आम्ही ठरवलेलं नव्हतं, संसारात ज्या गोष्टी ठरवत नाहीत त्याच टिकतात. मुलांना रात्र काढायची होती आणि मला दोन पानं भरायची होती. माझ्या कानावर जे होतं ते मी लिहिलं. दुष्ट कार्यालयातला एक राखणदार, जो मुलांना सोडवू शकत नाही, खाऊ देऊ शकत नाही, ज्याला बोलायची परवानगी नाही. तो फक्त फळीजवळून जाताना दोनदा खोकतो.

मुद्रितं ह्यांच्याकडेच आली. ते पान हातात घेऊन दारात उभे राहिले. "हे मुळात आहे?"

"आहे," मी म्हटलं.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बरं. माणूस चांगला आहे. पण त्याला मफलर दे, थंडी असणार तिथे."

मी मफलर दिला. पुढे वर्षभराने मूळ प्रत मिळाली. अठ्ठ्याऐंशी आणि एकोणनव्वद पानांवर काय असावं? कुलपाचं वर्णन. सबंध दोन पानं कुलूप, त्याचा गंज, त्याची किल्ली. दुसरी आवृत्ती निघत होती, मला ते कुलूप आणून लावता आलं असतं. तोवर मुलांची पत्रं यायला लागली होती. पहिला अपघात होता असं म्हणता येईल. चौथ्या आणि पाचव्या पुस्तकात मात्र मी खोकूमामाला उघड्या डोळ्यांनी घातलं, पाचसहा ओळी इथे, पाचसहा तिथे. दिवसा दुसऱ्यांच्या प्रामाणिकपणावर स्तंभ लिहायचा आणि संध्याकाळी हा उद्योग. सहाव्या पुस्तकाच्या सुरुवातीला हे गेले. सहाव्यात खोकूमामा नाही. 'मामा कुठे गेले?' म्हणून पत्रं आली, ढिगाने आली. एकालाही उत्तर दिलं नाही.

आता सिनेमावाल्यांनी माझ्या माणसाचं काय केलं ते ऐका. त्याला दहा फुटी लाल रेशमी मफलर दिला. ह्यांचा करड्या लोकरीचा होता, एका टोकाला उसवलेला. त्याला एक गाणं दिलं. मग तो एक्केचाळीस नंबरचा हरवलेला आजोबा निघाला, कारण या लोकांना रक्ताचं नातं असल्याशिवाय माया कशी करतात हे ठाऊकच नाही. आणि शेवटी आग. खोकूमामा जळतं छत दोन्ही हातांनी पेलून धरतो, मुलं खालून निसटतात, व्हायोलिनं किंचाळतात, आणि तो खोकतो, खोकत राहतो, आणि त्याच्या तोंडातून सोनेरी फुलपाखरं बाहेर पडतात. मी घड्याळ पाहिलं. माणूस मरायला सव्वाचार मिनिटं लागली. मग सगळ्यांचे आईबाप धावत आले.

साडेतीन नाक शिंकरत होते. मला हसू यायला हवं होतं, इतकं वाईट होतं ते. पण माझ्या हातातल्या पेन्सिलचं टोक मोडलं होतं. रागाने. माझ्या नवऱ्याला चाळीस माणसांसमोर विदूषक करून मारलं होतं, आणि मला तोंड उघडायची सोय नव्हती. काय सांगणार? हे मूळ कादंबरीत नाही? मग कुठे आहे?

बाहेर पाण्याच्या पिंपाशी पटकथावाल्याने मला गाठलं. पस्तिशीचा, दाढी वाढवलेला, झोप न झालेला. "बाई, तुमची वाटच बघत होतो. कसा वाटला?"

"ट्रंकेला पापण्या कुणी लावल्या?"

"दिग्दर्शकांनी."

"फुलपाखरं?"

"तीही त्यांचीच. मी फक्त आग लिहिली होती." तो खाली बघायला लागला. "बाई, एक विचारायचं होतं. मी मूळ पुस्तकं मिळवून वाचली. सहाही. खोकूमामा त्यात कुठेच नाहीत."

पिंपाच्या तोटीतून थेंब गळत होता. मी पेला भरून घेतला, पण प्यायले नाही. "कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही. निर्मात्यांना कळलं असतं तर पहिल्याच दिवशी मामांना काढून टाकलं असतं. मी वसतिगृहात वाढलो बाई. आमच्या खोलीत बारा जण. दिवे गेले की कुणीतरी एक जण दोनदा खोकायचा, मग सगळे झोपायचे. कोण खोकायचं ते कुणी विचारायचं नाही. आळीपाळीने असावं." त्याने दाढी खाजवली. "सहाव्या पुस्तकात ते एकदम दिसेनासे झाले. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. तुम्हाला चार पत्रं लिहिली होती."

"मी पत्रांना उत्तरं देत नाही."

"माहीत आहे. म्हणून मीच मारलं त्यांना. नाहीतर ते अजून तिथेच फिरताहेत असं वाटायचं. कसे गेले ते माहीत नव्हतं, म्हणून मोठं लिहिलं."

माझ्याकडे या गाढवाला झापायला निदान पंधरा वाक्यं तयार होती. त्यातलं एकही जागेवर सापडेना. मी म्हटलं, "चूक लिहिलंस."

"मग बरोबर काय होतं?"

मी ती गळकी तोटी पिळायला लागले. तेव्हा त्याने पाकिटातून एक कागद काढला. "हेही तुम्हाला दाखवायचं होतं. पटकथा मूळ लेखकांना पाठवली होती. नव्वदीचे आहेत, पण उत्तर स्वतःच्या हाताने लिहिलं त्यांनी."

अक्षर थरथरतं होतं. मला त्या माणसाचं अक्षर ओळखीचं नाही, पण त्याची वाक्यं मी सहा पुस्तकं अंगावर वागवली आहेत. त्याने लिहिलं होतं की पटकथा ठीक आहे, गाणी कमी करा. आणि खाली : 'हा राखणदार मी कधी लिहिला ते मला आठवत नाही. पुस्तकं काढून बघायचं धाडस झालं नाही. अलीकडे बऱ्याच गोष्टी अशाच जातात. पण चांगला आहे, माझ्या कुलपापेक्षा चांगला. तो लिहिला तेव्हा मी बरा माणूस असणार.'

मी ते पत्र दोनदा वाचलं. म्हातारा तिकडे आपलं डोकं गेलं असं समजून बसला होता, आणि इकडे माझ्या ड्रॉवरमध्ये माझ्या इमानाचं मानपत्र होतं. आयुष्यभर मी दुसऱ्यांना तुच्छ लेखत आले, त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. बहुतेक जण त्या लायकीचे होते. पण त्या पिंपाशी उभी असताना माझी मलाच किळस आली. पेला तसाच ठेवला आणि घरी आले.

परीक्षण दुपारी लिहून काढलं. साडेपाचशे शब्द सिनेमाला झोडपण्यात गेले. पापण्या, काजळ, निळा दिवा, धावत आलेले आईबाप. एकालाही सोडलं नाही. उरलेल्या जागेत बाकीचं लिहिलं : झेरॉक्स, दोन पानं, दुसरी आवृत्ती, चौथं, पाचवं. विम्याच्या कचेरीतल्या बाईंचा विनोद चांगला होता, हेही लिहिलं. त्याची एक प्रत वेगळ्या पाकिटात घालून मूळ लेखकाला पाठवली, वर एकच ओळ लिहून, की तुमची स्मरणशक्ती शाबूत आहे.

संध्याकाळी पुरवणीबाईंचा फोन आला. पहिल्यांदाच ती एकेक वाक्य तोडून बोलत होती.

"बाई, हा शेवटचा भाग... तुम्ही नीट विचार केलाय ना? संघवाले मानपत्र रद्द करतील."

"करू देत. त्यातल्या चुका मीच काढायच्या होत्या. मोठी चूक सापडली म्हणून कळवलंय त्यांना."

"आणि खालची चौकट?"

"काढून टाक. शब्द जास्त झालेत, तेवढी जागा मला लागेल."

"थोडं कापू का मग? शेवटचा परिच्छेद सिनेमाबद्दल नाहीये."

"शेवटच्या परिच्छेदाला हात लावलास तर याद राख," मी म्हटलं. "एका मुलाच्या चार पत्रांचं उत्तर आहे ते."

तिने हात लावला नाही. रविवारी तो जसाच्या तसा आला :

'खोकूमामा आगीत गेला नाही. छत वगैरे काही पेललं नाही. दुपारचे तीन वाजले होते. मी दार लावून सहाव्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण करत होते. शेजारच्या खोलीत तो एकदा खोकला. मी पेन धरून दुसऱ्याची वाट पाहिली. तो आला नाही. हातातलं वाक्य अर्धं होतं, म्हणून मी ते आधी पुरं केलं आणि मग उठले. सहावं पुस्तक, पान सात, ओळ अकरावी. त्या वाक्यात मूळ लेखकाच्या एकाही शब्दाला धक्का लागलेला नाही.'